ॲझ्टेकांचे जलऋण

निसर्गावर मात केली म्हणजे संस्कृती उभी राहते, असे आपण सहज बोलून जातो. मेक्सिकोतील ॲझ्टेकांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. परंपरेप्रमाणे १३२५ मध्ये त्यांनी टेश्कोको सरोवरातील दलदलीच्या बेटावर टेनोच्टिट्लान वसविले. जमीन नव्हती, ती त्यांनी घडविली. उथळ पाण्यात गाळ आणि पाणवनस्पती यांचे थर रचावयाचे, कडेला वाळुंजाच्या जातीची झाडे लावावयाची. हेच त्यांचे ‘चिनाम्पा’ मळे. शहरातील मैला खत म्हणून तेथे जाई आणि वर्षाकाठी अनेक पिके निघत. १४४९ च्या महापुरानंतर टेश्कोकोचा राजा नेझावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटरांचा बांध उभा राहिला. त्याने पूर आवरला. खारे पाणी गोड्या पाण्यापासून अलग केले.

पण या नात्याची दुसरी बाजू आपण झाकून ठेवू नये. देवांनी आत्मार्पण केले म्हणून सूर्य फिरतो, तेव्हा माणूस जन्मतःच ऋणी, अशी त्यांची श्रद्धा. हे ऋण रक्ताने फेडले जाई. पर्जन्यदेव त्लालोक याला तर बालके अर्पण होत. महामंदिराच्या उत्खननात त्यांचे अवशेष सापडले आहेत.

१५२१ मध्ये स्पॅनिश सत्ता आली. तिने सरोवरालाच शत्रू मानले. १६०७ पासून ते उपसण्याचा उद्योग आरंभला. आज भूगर्भातील पाणी उपसून मेक्सिको शहर खचत आहे. चिनाम्पा उरले आहेत ते मुख्यतः सोचिमिल्को भागात.

ॲझ्टेकांची परतफेड क्रूर होती, हे निर्विवाद. परंतु ती रीत टाकताना ऋणाची जाणीवही टाकली गेली, हे आपण विसरता कामा नये.