केमोथेरपीनंतर शेक घेताय? आधी हे वाचा

केमोथेरपी घेणाऱ्या अनेकांच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात किंवा दुखतात. दुखलं की शेक, हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. पण बधिर पायाला पिशवी किती गरम आहे हेच कळत नाही आणि नकळत त्वचा भाजते.

नसांना काय होतं?

सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब यांसारखी औषधं कर्करोगाच्या पेशींबरोबरच संवेदना वाहून नेणाऱ्या नसांनाही इजा करू शकतात. याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. सगळ्यात लांब नसांना फटका आधी बसतो. त्यामुळे त्रास बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजे-हातमोजे घालतो तेवढ्या भागात पसरतो.

गरम का कळत नाही?

त्वचेचं तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की नसा मेंदूला इशारा देतात आणि आपण पाय मागे घेतो. नसांना इजा झाली असेल, तर हा इशारा उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. ६० अंशांचं पाणी मात्र काही सेकंदांत भाजू शकतं. काहींना उलट त्रास होतो: कोमट पाण्याचाही चटका बसतो. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड पाणी, फ्रीजचा दांडा यांनीही झिणझिण्या येतात.

काय काळजी घ्याल?

- बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नका.
- अंघोळीचं पाणी बधिर हातापायांनी तपासू नका. थर्मामीटर वापरा किंवा घरच्यांना तपासायला सांगा.
- शेक घेत झोपू नका.
- रोज तळपाय पाहा. लाली, फोड किंवा जखम दिसली तर लगेच दाखवा.
- फिजिओथेरपिस्टला केमोथेरपीबद्दल आधीच सांगा. शेक देण्यापूर्वी गरम-थंड ओळखता येतं का, हे ते तपासू शकतात.

केमो संपली, आता चालेल का?

लगेच नाही. सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारखी प्लॅटिनमयुक्त औषधं थांबल्यावरही बधिरपणा काही महिने वाढू शकतो. अनेकांचा त्रास हळूहळू कमी होतो, काहींचा टिकून राहतो.

उपचार सुरू असतानाच मुंग्या आल्या तर 'एवढं चालायचंच' म्हणून गप्प बसू नका. डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात किंवा वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिनसारखी गोळी देऊ शकतात. केमो मात्र स्वतःहून बंद करू नका.