देठासह फूल

परसांतील फूल देठासह कापून मेजावरील पाण्याच्या भांड्यांत ठेवावें, ही रीत वऱ्हाडांतील मराठी घरांत फार जुनी नाहीं. आमच्याकडे फूल खुडीत. तें देवाच्या मस्तकीं जाई, नाहीं तर वेणींत. देठाचें तेथें कामच नव्हतें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवालीं केला. पुढें अमरावतीस व अकोल्यास इंग्रज अंमलदार राहूं लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांची फुलदाणीही आली. अमरावतींतील ‘कँप’ हें वस्तीचें नांव त्या अमलाची खूण म्हणून अजून चालतें.

मौज ही कीं, ज्यांस आपण सोवळ्यांत घेतलें तीं फुलेंच परदेशचीं! दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, गुलछडीही तिकडचीच, आणि शेवंती चीनची. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचण्यापूर्वी आमच्या कोणत्याही तोरणांत झेंडू नव्हता. तेव्हां आम्हांस परकें वाटलें तें फूल नव्हे, देठ!

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण गुलछडीस मात्र लागू नाहीं. खालचीं एक-दोन फुलें उमलतांच पहाटे दांडा कापून पाण्यांत ठेवला, कीं वरच्या कळ्या क्रमानें उमलत जातात; हारासाठीं तींच फुलें सुटीं खुडतात. आमच्या काळ्या जमिनींत पावसाचें पाणी तुंबून कंद कुजतो, म्हणून वाफा उंच हवा. पण दांडा कापला, कीं त्यावरचीं हाराचीं फुलें गेलीं. कोणता दांडा देवासाठीं राखावयाचा, हें मग घरांतील वडील स्त्रीच ठरविते.