पुढच्या चाकांचं काय करायचं? जीपच्या हबची गोष्ट

विक्रोळीतून बोलतोय. ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.

आज एका छोट्या वस्तूचा इतिहास. कधी जुनी जीप दिसली तर तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. बरोब्बर मधोमध एक जाड टोपी बाहेर आलेली असते. बऱ्याच जीपांवर ती नुसती लोखंडी, गोलाकार बोल्ट मारलेली. काहींवर मात्र त्या टोपीवर हाताने फिरवायची चकती असते आणि दोन खुणा असतात: 'लॉक' आणि 'फ्री'. हिला म्हणतात मॅन्युअल लॉकिंग हब. गॅरेजमध्ये 'फ्री व्हील हब' म्हणालात तरी लगेच कळतं.

ही चकती कशाला लागते हे समजायला १९४० मध्ये जावं लागेल. अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना दिला, पण मोठी ऑर्डर गेली विलिस आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या.

आता या गाडीची रचना. इंजिनचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो. तिथून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. साध्या रस्त्यावर तुम्ही लिव्हर ओढून पुढचा जोर बंद करता, गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. इथपर्यंत ठीक. पण पुढची चाकं रस्त्यावर फिरतच असतात ना? आणि ती आतल्या दांड्यांना कायमची जोडलेली. म्हणजे चाकं त्या दांड्या फिरवतात, दांड्या डिफरन्शियल फिरवतात, डिफरन्शियल पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरवतं. जोर शून्य, पण सगळं लोखंड गरगर फिरतंय. ॲप बंद केलं तरी बॅकग्राउंडला चालूच राहतं आणि बॅटरी खातं, अगदी तसं.

युद्धात याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट, लिव्हर ओढला की पुढची चाकं तत्क्षणी तयार, हाच फायदा होता. गोळीबारात खाली उतरून चकती कोण फिरवणार?

युद्ध संपल्यावर याच जीपा स्वस्तात शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या, छोट्या धंदेवाल्यांच्या हातात आल्या. ते रोज डांबरी रस्त्यावर चालवायला लागले आणि त्रास जाणवायला लागला: स्टिअरिंग जड, वेग वाढला की थरथर, क्रॉस आणि बेअरिंगची झीज, वर थोडं जास्त पेट्रोल. १९४८ मध्ये सिएटलजवळ आर्थर वॉर्न या माणसाने यावर धंदा उभा केला. चाक आणि आतली दांडी यांच्यामधला कायमचा जोड काढायचा आणि हवा तेव्हा जोडता येईल, हवा तेव्हा सोडता येईल असा हब बसवायचा. 'फ्री' केलं की चाक आपल्या बेअरिंगवर एकटं फिरतं, आतलं सगळं शांत. वॉर्न कंपनी आज विंचसाठी जास्त प्रसिद्ध आहे, पण तिची सुरुवात या हबनेच झाली. माझ्या मते युद्धातल्या जीपला गावातली गाडी बनवण्यात या हबचा वाटा मोठा आहे, आणि जीपच्या इतिहासात त्याला मिळते ती जागा फारच थोडी.

आता मुंबईत या. तोच काळ. १९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्रा, कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्यानंतर, १९४९ मध्ये, माझगावात विलिस जीपची जोडणी सुरू झाली. सुरुवातीला सुटे भाग परदेशातून यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. मग हळूहळू एकेक भाग इथेच बनायला लागला, आणि पुढे कांदिवलीला, आकुर्ली रोडवर, मोठा कारखाना आला. (१९४८ चा जीप घोटाळा वेगळा बरं का. तो लष्करासाठी परदेशातून मागवलेल्या जीपांचा. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू.)

आपली जीप मुख्यतः सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ मध्ये आली. नवं इंजिन उंच होतं म्हणून तिचं बॉनेट उंच, आणि त्यामुळे चेहरा जरा विचित्र. अमेरिकेत ती साठच्या दशकात बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश पुढे कित्येक दशकं चालला. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, बीडीओ साहेब, निवडणुकीतले उमेदवार, सगळ्यांची गाडी हीच.

म्हणजे वॉर्नचा हब आणि मुंबईची जीप एकाच सुमारास जन्मली. मग तो हब आपल्या जीपांवर सर्रास का दिसत नाही? मी जवळून पाहिलेल्या बहुतेक जुन्या महिंद्रांवर पुढे साधी टोपीच होती. माझा अंदाज असा: सरकारी गाडीचं पेट्रोल सरकारचं. ड्रायव्हर पगारी. वेग ताशी चाळीस-पन्नास. पुढचा एक्सल फुकट फिरतोय याची झळ कोणाच्याच खिशाला लागत नव्हती.

झळ लागली ती नंतर, आणि वेगळ्या माणसाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं. सत्तरच्या दशकात जीपमध्ये डिझेल इंजिन आलं, आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यातून प्युजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन मिळायला लागलं. जीप चालवणं स्वस्त झालं आणि ती सरकारी आवारातून एसटी स्टँडच्या बाहेर येऊन उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. हप्त्यावर घेतलेली गाडी, आत कोंबलेली माणसं, मागे लटकलेली दोन-तीन. या गाडीच्या मालकाला लिटर-लिटरचा हिशोब होता.

आणि त्याच्यासाठी त्या जुन्या प्रश्नाला आपल्याकडे निराळंच उत्तर मिळालं. अमेरिकेने पुढच्या एक्सलला बटण बसवलं, आपण पुढची ड्राइव्हच काढून टाकली. ट्रान्सफर केस नाही, पुढे डिफरन्शियल नाही, पुढचा शाफ्ट नाही. नुसता साधा एक्सल आणि त्यावर चाकं. गाडी हलकी, स्वस्त, कमी झीज. लांब केलेल्या जीपा, पुढे कमांडर आणि मार्शल, मोठ्या संख्येने अशाच टू-व्हील ड्राइव्ह रस्त्यावर आल्या. दिसायला जीप, पण चिखलात रुतली की उतरून ढकला. सातारा-सांगलीच्या गावरस्त्यांना बहुतेक वेळा तेवढं पुरायचं. पावसाळ्यात घाटाच्या आतल्या वाड्यांना पुरायचं नाही. तिथे आजारी माणसाला खाली आणायचं तर मोठ्या रस्त्यापर्यंत डोलीच. ड्राइव्ह काढण्याची किंमत कोणी मोजली, हे बघितलं तर ती या वाड्यांनी मोजली.

आता आजचे शौकीन. मिलिटरी डिस्पोजलची किंवा जुनी फोर बाय फोर जीप घेतात आणि पहिल्या काही कामांत हब बदलतात. काम स्वतः फार अवघड नाही. टोपीचे बोल्ट काढायचे, दांडीच्या टोकाची सर्क्लिप काढायची, जुना फ्लँज ओढून काढायचा, जागा साफ करून नवा हब बसवायचा. खरेदीपूर्वी दांडीवरचे दात मोजा. जीपच्या एक्सलमध्ये दातांची संख्या सगळीकडे सारखी नसते, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर 'बसेल साहेब, बसेल' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येणार. आत ग्रीस हवं, पण ठासून नको. घट्ट ग्रीसमध्ये चकती नीट सरकत नाही.

वापरताना दोन गोष्टी. एक, दोन्ही हब लॉक करा. एकच केला तर डिफरन्शियल सगळा जोर सुट्या बाजूला उधळतं आणि पुढचं चाक काहीही ओढत नाही. दोन, चिखलात शिरण्याआधी लॉक करा. रुतल्यावर गुडघाभर राडारोड्यात वाकून चकती शोधणं, त्यापेक्षा आधी खाली उतरलेलं बरं. हब लॉक करून टू-व्हीलमध्ये चालवलं तर फक्त जुन्यासारखा फुकट फिरण्याचा तोटा. पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मधे तो फरक पचवणारं काही नाही, सगळा ताण गिअरांवर. महिन्यातून एकदा हब लॉक करून थोडं अंतर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल सगळीकडे पोचेल.

मायलेजबद्दल मात्र फार स्वप्नं बघू नका. फरक पडतो, पण थोडा. खरा फायदा हलकं स्टिअरिंग आणि कमी झीज. आणि रानात पुढचा क्रॉस तुटला तर दोन्ही हब 'फ्री' करून मागच्या चाकांवर घरी येता येतं. साध्या टोपीवाल्या जीपमध्ये त्यासाठी पाने काढून बसावं लागतं.

वडापमधून निवृत्त झालेल्या टू-व्हील जीपला पुन्हा पुढची ड्राइव्ह लावायची स्वप्नं बघणारेही बरेच आहेत. त्यांनी आधी आरसी बुक उघडावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. एक्सल आणण्याआधी आरटीओत विचारा, तेही लेखी.

तिकडे कंपनीनेही जुनंच उत्तर पुन्हा काढलं. २०२० ची नवी थार आली ती फक्त फोर बाय फोर म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये पुढची ड्राइव्ह काढलेली थार बाजारात आली, ९.९९ लाखांपासून. आमच्या एलबीएस मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये थार दिसली की मी आता मागे लिहिलेलं 'फोर बाय फोर' आहे का ते बघतो. बऱ्याचदा नसतं.