पितरांचा पुरोडाश व श्राद्धांतील वडा

श्राद्धप्रयोगाची एखादी तरी पोथी ज्याच्या बासनांत नाहीं असा संग्राहक महाराष्ट्रांत विरळा. ह्या पोथ्यांत मंत्र, दर्भ व पात्रें ह्यांची जितकी दक्षता आहे, तितकी पानावर काय वाढावें ह्याची नाहीं. तो विषय बायकांचा, म्हणून लेखकांनीं सोडला असावा. आम्ही येथें त्या सोडलेल्या बाजूकडे वळतों.

पितरांस भाजलेलें हवि देण्याची चाल फार जुनी आहे. चातुर्मास्यांतील साकमेध पर्वांत महापितृयज्ञ येतो. त्यांत पितृमान् सोमास सहा कपालांवर भाजलेला पुरोडाश, बर्हिषद् पितरांस धाना म्हणजे भाजलेले जव, आणि अग्निष्वात्त पितरांस मंथ, असें तैत्तिरीय संहितेंत विधान आहे. शतपथ ब्राह्मणाप्रमाणें धानांपैकीं निम्म्या दळावयाच्या, व परक्या वासरास पाजणाऱ्या गाईच्या दुधांत तें पीठ एकाच काडीनें ढवळावयाचें. जिचें स्वतःचें वासरूं गेलें तिचें दूध गेलेल्यांस, हा भाव आम्हांस तरी त्यांत स्पष्ट दिसतो.

पुढें पुरोडाश मागें पडला आणि अमावास्येच्या पिंडपितृयज्ञांतील शिजविलेल्या भाताचा पिंड श्राद्धांत कायम झाला. तीन अग्नि व कपालें घरोघर राहिलीं नाहींत, हें कारण आम्हांस पुरेसें वाटतें.

पानावरील अन्नाची कथा निराळी आहे. मनूच्या तिसऱ्या अध्यायांत तीळ, तांदूळ, जव, उडीद, पाणी, मूळें व फळें ह्यांनीं पितरांची तृप्ति एक महिना होते असें सांगून, पुढें मासे, हरिण, मेंढा अशी चढती मांसमाला दिली आहे. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें पुलस्त्याच्या आधारें ब्राह्मणास मुन्यन्न व क्षत्रियवैश्यांस मांस अशी वांटणी केली. बृहन्नारदीय पुराणानें तर श्राद्धांतील मांस कलिवर्ज्यांतच घातलें. हा पालट दडवून ठेवण्याजोगा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं इ. स. १७९० च्या सुमारास धर्मसिंधु रचिला, तोंपर्यंत आमच्या भिक्षुकांच्या व्यवहारांतून मांस केव्हांच गेलें होतें. मांस गेलें, उडीद मात्र राहिला. आजहि खीर, अळू व आमसुलाची चटणी ह्यांच्या शेजारीं तो वडा होऊन बसतो.

वडा म्हणजे पुरोडाशाचाच वंशज, असें कोणी सुचविल्यास आम्हांस तें मान्य नाहीं. हा तळलेला, तो भाजलेला. वड्याचें गोत्र मनूच्या उडदांत आहे. मात्र त्या उडदाचा वडा केव्हां झाला हें स्मृति सांगत नाहींत. तें सांगतील तर घरगुती सामानाच्या यादी.

आणि ह्याच यादी आपण टाकून देतों. आमच्या पाहण्यांतील एका संग्रहांत पोथ्यांस नवीं बासनें मिळालीं व फुटकळ कागद बंबांत गेले. एक चिटोरें फळीखालीं राहिलें होतें. त्यावर उडीद, तांदूळ, गूळ, आमसुलें एवढें वाचतां आलें. मिति असावयाची ती कड उंदरांनीं खाल्ली होती.