लक्ष्मण, शंकर

लक्ष्मण, शंकर : (७ जुलै १९३३–२९ एप्रिल २००६). भारताचे विख्यात हॉकी गोलरक्षक. जन्म मध्य प्रदेशातील महू (सध्याचे डॉ. आंबेडकरनगर) येथे. प्रारंभी ते फुटबॉल खेळत व महूनजीकच्या कोदरिया गावच्या संघाचे ते कर्णधार होते. १९४७ मध्ये ते बँडपथकातील वादक म्हणून भूसेनेत दाखल झाले. सैन्यातच ते हॉकीकडे वळले आणि १९५५ मध्ये सेनादलाच्या संघातून खेळू लागले. हॉकीत पायाने चेंडू मारण्याची मुभा केवळ गोलरक्षकालाच असल्याने फुटबॉलचा पूर्वानुभव त्यांना साहजिकच उपयोगी पडला.

लक्ष्मण यांची कारकीर्द भारतीय हॉकीच्या संक्रमणकाळात घडली. १९२८ पासून भारताची भिस्त मुख्यतः आक्रमक फळीवर होती. प्रतिपक्षावर अनेक गोलांनी मात केली जाई व गोलरक्षकाची कसोटी क्वचितच लागे. पाकिस्तानच्या उदयानंतर मात्र अंतिम सामने एकेका गोलाने निकालात निघू लागले आणि बचावाला आक्रमणाइतकेच महत्त्व आले. या बदलाचा संपूर्ण भार लक्ष्मण यांनी पेलला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ३८ गोल केले व एकही गोल स्वीकारला नाही. त्यांपैकी ३६ गोल प्राथमिक फेरीतील तीन सामन्यांत झाले. उपांत्य सामन्यात संयुक्त जर्मनीविरुद्ध व अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताला प्रत्येकी एकाच गोलाने विजय मिळाला. १९६० मध्ये रोम येथे पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी केलेल्या एकमेव गोलामुळे भारत पराभूत झाला आणि ऑलिंपिकमधील भारताची १९२८ पासूनची अजिंक्यपदाची परंपरा खंडित झाली. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतही अंतिम सामन्यात पाकिस्ताननेच भारताला हरविले.

या पराभवांची भरपाई १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये झाली. अंतिम सामन्यात (२३ ऑक्टोबर) मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर पाकिस्तानने बरोबरीसाठी निकराचे हल्ले चढविले; परंतु लक्ष्मण यांनी ते परतवून लावले व भारताने १–० असा विजय मिळविला. त्या काळी गोलरक्षक शिरस्त्राण व छातीचे कवच यांवाचून, केवळ पायांवरील पॅड व हातमोजे यांच्या आधारे उभा राही. ३.६६ मी. रुंद व २.१४ मी. उंच गोलाचे रक्षण करताना गवताळ मैदानावर अवचित उसळणाऱ्या कठीण चेंडूचा धोका सदैव असे. त्यामुळे अचूक नजर, तत्पर हालचाल व निर्भयता हीच गोलरक्षकाची खरी साधने होती.

१९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत लक्ष्मण यांच्याकडे भारतीय संघाचे नेतृत्व सोपविण्यात आले. गोलरक्षकाने आंतरराष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणे ही तेव्हा असाधारण बाब होती. अतिरिक्त वेळेपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १–० असे नमवून त्यांच्या संघाने भारताला या स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपुष्टात आली.

त्यांना अर्जुन पुरस्कार (१९६४) व पद्मश्री (१९६७) हे सन्मान लाभले. १९७९ मध्ये ते मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. पायाच्या कोथामुळे (गँग्रीन) आजारी होऊन महू येथेच त्यांचे निधन झाले. मेलबर्न, रोम, टोकिओ व बँकॉक या चारही अंतिम सामन्यांचा निर्णय एकेका गोलाने लागला व त्यांपैकी तीन सामन्यांत लक्ष्मण यांनी प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही, यातच त्यांच्या कामगिरीचे मोल स्पष्ट होते.