बावन्न सेकंदांचे मौन

शाळेच्या पटांगणात सकाळी राष्ट्रगीत सुरू होते आणि सारी मुले ताठ उभी राहतात. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. दुरून पाहणाऱ्याला साऱ्यांचे उभे राहणे एकसारखेच दिसते. परंतु कुणाच्या मनात स्वातंत्र्यासाठी झिजलेल्यांविषयी कृतज्ञता असते, कुणाला ती शाळेची शिस्त वाटते, तर कुणाची ती निव्वळ सवय असते. एखाद्यासाठी मात्र तेच क्षण श्रद्धेची कसोटी ठरतात. अशाच तीन मुलांची हकिगत आपल्या देशाच्या न्यायालयीन इतिहासात नोंदली गेली आहे.

केरळमधील कोट्टायम जिल्ह्यातील एका शाळेत १९८५ साली तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवी या इयत्तांत शिकत होती. त्यांचे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे होते. देवाखेरीज कुणाचेही स्तवन आपल्या मुखातून होऊ नये, अशी या पंथाची धारणा. म्हणून राष्ट्रगीत सुरू झाले की ही मुले आदराने उभी राहत, परंतु गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणीही त्याच शाळेत पूर्वी असेच करीत आणि कुणाला त्यात वावगे वाटले नव्हते. त्या वर्षी जुलै महिन्यात एका आमदाराच्या ही गोष्ट ध्यानी आली. त्यांना हा देशभक्तीचा अभाव वाटला आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत व त्यांनी राष्ट्रगीताचा कोणताही अनादर केलेला नाही, असे आयोगाने कळविले. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढले.

वडिलांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. राष्ट्रगीताच्या शब्दांत कुणाच्या धर्मभावना दुखावतील असे काहीच नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. हे म्हणणे वरवर पाहता कुणालाही पटेल. परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी वेगळाच प्रश्न विचारला. राष्ट्रगीतात गैर काही नाही हे खरेच, पण या मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे की नाही? ती आपल्याला पटते की नाही, हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हे. ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल लागला. जो आदराने उभा राहतो, त्याने राष्ट्रगीताचा योग्य तो मान राखला आहे. केवळ न गाण्याने अनादर होत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या व २५ व्या अनुच्छेदांचा आधार घेऊन मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश देण्यात आला.

हा वाद चालू असतानाच, ८ फेब्रुवारी १९८६ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे याच कोट्टायममध्ये आले होते. त्यांनी सिस्टर अल्फोन्सा आणि फादर कुरियाकोस इलियास चावरा यांना धन्य घोषित केले. चावरा यांचा आग्रह असे की, प्रत्येक चर्चशेजारी शाळा असावी. अशा भूमीत तीन मुलांना मौनापायी शाळा सोडावी लागली, ही गोष्ट मनाला लागते.

‘यहोवाचे साक्षीदार’ पवित्र त्रैक्याचा सिद्धांत मानत नाहीत. मग त्यांच्या मुलांच्या हक्काशी आपल्याला काय कर्तव्य, असे कुणी विचारील. याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील मायनर्सव्हिल हे खाणकामगारांचे, बहुसंख्य कॅथलिक वस्तीचे गाव. १९३५ साली तेथे याच पंथाच्या बारा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या दहा वर्षांच्या भावाला ध्वजवंदन न केल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. त्या काळी या पंथाचे प्रचारक कॅथलिक वस्त्यांत जाऊन ख्रिस्तसभेवर कठोर टीका करणाऱ्या ध्वनिमुद्रिका वाजवीत. तेव्हा त्यांच्याविषयी आपल्या लोकांना आपुलकी नव्हती, यात नवल नाही. ३ जून १९४० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मुलांच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर अनेक गावांत या पंथाच्या लोकांवर जमावाने हल्ले केले.

त्या बहुमतात न्यायमूर्ती फ्रँक मर्फी हे कॅथलिक गृहस्थ होते. दोनच वर्षांनी, १९४२ साली, दुसऱ्या एका खटल्यात त्यांनी व आणखी दोन न्यायमूर्तींनी, आपला आधीचा निर्णय चुकला, असे उघडपणे लिहिले. १४ जून १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच, न्यायालयाने आपला निकाल फिरविला. महायुद्ध ऐन भरात होते, तरीही सक्तीने वदवून घेतलेली निष्ठा न्यायालयाने नाकारली. मर्फी या वेळी मुलांच्या बाजूने होते. अधिकाराच्या आसनावर बसून स्वतःची चूक कबूल करणे ही लहान गोष्ट नव्हे.

कॅथलिक विद्यार्थ्यांवरही अशी वेळ आली आहे. मे १९३२ मध्ये टोकियोतील जेझुइटांच्या सोफिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना लष्करी अधिकाऱ्याने यासुकुनी या शिंतो देवस्थानात नेले. काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी तेथे वाकून नमन केले नाही. लष्कराने आपला शिक्षक काढून घेतला आणि विद्यापीठ अडचणीत आले. टोकियोचे आर्चबिशप शांबों यांनी शासनाला विचारले, तेव्हा हे नमन केवळ देशभक्ती व राजनिष्ठेचे आहे, असे उत्तर मिळाले. पुढे २६ मे १९३६ रोजी रोमने ते नागरी आदराचे कृत्य मानून त्याला अनुमती दिली. तो निर्णय सुज्ञ होता की भयापोटी केलेली तडजोड होती, यावर आजही मतभेद आहेत. परंतु एवढे खरे की, त्या नमनाचा अर्थ अधिकाऱ्याच्या दृष्टीने एक होता आणि त्या तरुणांच्या दृष्टीने दुसरा.

पवित्र शास्त्रातील दानिएलच्या ग्रंथात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांची कथा आहे. राजाच्या सुवर्णमूर्तीपुढे सारे दंडवत घालीत असता ते तिघे वाकले नाहीत. तेथे ताठ उभे राहणे हाच राजद्रोह ठरला. केरळच्या तीन मुलांचे उभे राहणे मात्र आदराचे होते. आपणही मिस्साबलीत शुभवर्तमानाच्या वाचनाला उभे राहतो. देह तोच, त्याची ठेवणही तीच, पण अर्थ अंतःकरण देते आणि अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार परमेश्वराखेरीज कुणाला आहे?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. कुणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये, ही शिकवण त्यात आहे आणि ती केवळ कॅथलिकांपुरती नाही. आपली मुले राष्ट्रगीत अभिमानाने गातात व त्यांनी ते तसेच गावे. परंतु रांगेत शेजारी एखादे मूल ओठ मिटून, नम्रपणे उभे असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहू नये, हेही आपण त्यांना घरीच शिकवायला हवे. कदाचित तेही आपल्या परीने देशासाठी प्रार्थना करीत असेल.