पदकाची कड

२९ एप्रिल १९१६ला इराकमधल्या कूत इथं सहाव्या पुणे डिव्हिजननं तुर्कांपुढं शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण घरी परतलेच नाहीत. मग आज आपण त्यांचा शोध कसा घ्यायचा?

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली; साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे अर्ज करायचा, तर ‘आमचे पणजोबा’ एवढ्यानं भागत नाही. एकाच नावाचे शिपाई पुष्कळ निघतात. पलटण आणि शिपाई नंबर हवा.

तो कुठून आणायचा? घरातल्या जुन्या पेटीत त्या युद्धाचं चांदीचं पदक असेल, तर त्याची कड नीट बघू या. नंबर, नाव, पलटण तिथं उमटवलेली असते. अर्जात आधी तेच लिहायचं.